जुना स्नेअर ड्रम (खाली तारा लावलेला ड्रम) घेताना अस्सल कसा ओळखावा? आणि धातूचा घ्यावा की लाकडी?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. आमच्या ऑर्केस्ट्रातला काँगोवाला गेली तीस वर्षं मला एकच वाक्य ऐकवतोय: "लाकडी स्नेअर मुंबईच्या पावसात फुगतो, तो घेऊच नये." हे साफ चूक आहे. या वाक्यापायी माझा एक ड्रम गेलाय, म्हणून आधी तेच सांगतो.

१९९३ साली मी दिवसा नोकरी करायचो आणि रात्री ऑर्केस्ट्रात वाजवायचो. एका जुन्या सामानवाल्याकडे साठच्या दशकातला, इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीचा स्नेअर दिसला. वरचा पांढरा मोतिया रॅप (ड्रमवरचं आवरण) पिवळा पडून साजूक तुपाच्या रंगावर गेलेला. आत पातळ प्लायचा शेल (ड्रमचा गोल सांगाडा), वर-खाली लाकडाच्या रिंगा, कंपनीचा बॅज जागच्या जागी, एकही जादा भोक नाही. वरचं हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, तेवढं फाटलेलं. घासाघीस करून जवळपास महिन्याच्या पगारात तो घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी रेमो कंपनीचं नवं चौदा इंची हेड घेऊन आलो.

ते बसेना. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने वर यायचं, डब्याला दुसऱ्याच डब्याचं झाकण लावावं तसं. काँगोवाला तेव्हा घरी आला होता. जून महिना, बाहेर मुसळधार पाऊस. त्याने शेलवर टिचकी मारली आणि निदान केलं, "लाकूड फुगलंय. जरा घासून घे, कोण बघतंय?"

मी ऐकलं. आमच्या बिल्डिंगमध्ये कपाटं करायला आलेल्या सुताराकडे ड्रम दिला. माणूस प्रामाणिक आणि हात सफाईदार. त्याने दोन्ही टोकांना रॅप इंचभर सोलला, बाहेरून कानस मारली, वरून पॉलिश पेपर फिरवला. हेड झकास बसलं. पैसे देताना म्हणाला, "साहेब, खालची कड दोन ठिकाणी दबलेली होती, तीपण लेव्हल करून दिली. त्याचे वेगळे नकोत."

ज्यांना कळलं त्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. ते दबलेपण म्हणजे स्नेअर बेड. खालच्या कडेला समोरासमोर दोन उथळ खाचा मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्यामुळे तारा खालच्या हेडवर सपाट बसतात. माझ्या तारा त्यानंतर कधी बसल्याच नाहीत. हळू वाजवलं की आवाज टिनाच्या डब्याचा, जोरात वाजवलं की नुसती खरखर.

खरं कारण मला काही वर्षांनी कळलं. जुन्या प्रीमियरचे शेल आजच्या मापापेक्षा किंचित मोठे असायचे. साठचं दशक संपता संपता कंपनीने आंतरराष्ट्रीय माप घेतलं. त्याआधीच्या ड्रमला आजचं साधं चौदा इंची हेड नीट बसत नाही, त्या मापाचं वेगळं शोधावं लागतं. पाऊस, फुगणं, काही नाही. आणि लाकूड फुगतं ते रेषांच्या आडवं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाहीच. शेलच्या वरच्या थराच्या रेषा घेराच्या दिशेने जातात, मग घेर वाढेल कसा? पाण्याने प्लाय सुटेल, पापुद्रे निघतील, पण ड्रम सगळीकडून सारखा जाड होणार नाही. काँगोवाल्याला हे मी दोनदा कागदावर काढून दाखवलंय.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय की समोरचा विकणारा "लुडविग, साठचं दशक, पितळी शेल" म्हणतोय, म्हणजे लुडविग या अमेरिकन कंपनीचा ड्रम, आणि चुंबक चिकटलं नाही म्हणून तुम्ही खूश आहात. चुंबकाने एवढंच कळतं की शेल लोखंडी नाही. ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. मधोमध उंच पट्टी, दहा लग (हेड ताणायचे स्क्रू ज्यात बसतात ते) आणि चकचकीत क्रोम असेल तर तो बहुतेक लुडविगचं सुप्राफोनिक मॉडेल. साठच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचे पितळेवर क्रोमचे असायचे, १९६३-६४ पासून ॲल्युमिनियमवर क्रोम. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, त्यामुळे उचलताच फरक कळतो. दुसरी खूण क्रोमची. ॲल्युमिनियमवर ते धरत नाही, पाठीवर घामोळं यावं तसे बारीक फोड येतात आणि पापुद्रा उडाला की खाली करडं-पांढरं दिसतं. पितळेवरचं उडालं तर खाली पिवळं. फोड आलेला ड्रम वाजायला उत्तम असतो, फक्त पितळेचा भाव देऊ नका. घरी आणून देवाची भांडी घासायच्या पावडरीने तर मुळीच चमकवू नका.

बॅजवरून काळ ढोबळ कळतो: कीस्टोन (कमानीच्या मधल्या दगडाच्या) आकाराचा म्हणजे साठचं दशक, निळ्या-ऑलिव्ह रंगाचा म्हणजे सत्तरचं. नंबरावर वर्ष काढून देणाऱ्यांवर विसंबू नका, लुडविगचे नंबर कारखान्यात क्रमाने लागलेच नाहीत. लाकडी असेल तर हेड काढायला लावून आत टॉर्च मारा, साठच्या दशकातल्या बऱ्याच शेलमध्ये तारखेचा शिक्का असतो. नुसता शेल स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उलटा-सुलटा ठेवून आत उजेड पाडा. वरच्या कडेखालून उजेड झिरपला तर कड वाकडी. व्यास दोन दिशांनी मोजा. हेड काढू देत नसेल तर चहा पिऊन निघून या.

लाकडी की धातूचा याला माझं उत्तर: लाकडी. बीटल्सच्या रिंगोने लुडविगचं जॅझ फेस्टिव्हल हे लाकडी मॉडेल वाजवलं, त्याचं काही अडलं नाही. लेड झेपेलिनच्या बॉनमचा साडेसहा इंच खोल सुप्राफोनिक होता, त्याचंही नाही, हे मान्य. पैसे बेताचे असतील तर लुडविगचाच ॲक्रोलाइट बघा: ॲल्युमिनियमचाच शेल, क्रोम नाही, आठ लग, एकेकाळी विद्यार्थ्यांसाठी काढलेला. म्हणजे धातूचाच झाला. असो, काँगोवाल्याला सांगू नका.

मी वाजवणारा आहे, संग्राहक नाही. स्लिंगरलँड कंपनीचा एकसंध मेपल वाकवून केलेला रेडिओ किंग आयुष्यात एकदाच हातात आला, तेव्हा त्याबद्दल मला विचारू नका. आणि बघायला जाल तेव्हा खालची कडही बघा. ती समोरासमोर दोन ठिकाणी दबलेली दिसली तर त्यावरून भाव पाडायला जाऊ नका, ती तशीच असायला हवी.