AI मॉडेलसाठी टूलचं वर्णन लिहिताय? आधी एवढंच बघा

टूल म्हणजे तुमच्या कोडमधलं असं काम, जे AI मॉडेल गरज पडली की वापरायला मागतं. फ्रेमवर्क वगैरे नंतर बघा हो, मॉडेलला तुमचा कोड दिसतच नाही, दिसतं ते फक्त टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला द्यायची माहिती, जसं ऑर्डर नंबर), त्यामुळे जे सांगायचं ते तिथेच सांगायचं. 'ऑर्डरची माहिती देतं' एवढ्यावर भागत नाही. असं लिहा: 'ऑर्डर नंबरवरून डिलिव्हरी कुठवर आली ते सांगतं. नंबर नसेल तर आधी ग्राहक शोधायचं टूल वापर. ऑर्डर रद्द करायला हे वापरू नको.'

नवीन लोक हमखास इथे चुकतात:
- दोन टूलची वर्णनं सारखीच, मग मॉडेल भलतंच उचलतं
- तारखेचा फॉरमॅट न सांगणं, ०३-०४-२०२५ म्हणजे मार्च की एप्रिल?
- काहीच सापडलं नाही तर काय परत येतं ते न लिहिणं

मग खरे प्रश्न टाकून बघा, चुकीचं टूल उचललं की आधी वर्णनच सुधारा. जमेल बिनधास्त!