विचारा ना! : सासूबाईंचा फोटो आणि गेरमधला गुलाल

प्रश्न : दादा, माझ्या सासूबाईंच्या लग्नातला ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. कित्येक वर्षं रामबागेतल्या जुन्या घरात भिंतीवर होता, ओल लागून पिवळे चट्टे पडलेत आणि बारीक पांढरे ठिपके तर विचारूच नका. मुलाने स्कॅन करून फोटोशॉप टाकून दिलंय, मी रोज दुपारी हीलिंग ब्रश घेऊन बसते, पण लुगड्याच्या काठाजवळ गेलं की सगळं फरपटल्यासारखं होतं आणि गाल तर इतके गुळगुळीत झालेत की सासूबाईच म्हणाल्या, ही कोण गं? काय चुकतंय?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी ब्रश खाली ठेवा आणि स्कॅन परत करा, कारण त्यातले बरेच ठिपके फोटोवर नसणारच, ते स्कॅनरच्या काचेवरच्या धुळीचे असतात. काच मऊ कापडाने पुसा, फोटोवर ब्लोअर मारा (तोंडाने फुंकर नको, थुंकीचा एक थेंब उडाला की नवा डाग), ६०० डीपीआय ठेवा आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन कलरमध्येच करा, हे जवळजवळ सगळेच विसरतात. पिवळा डाग निळा उजेड खातो पण लाल जवळपास तसाच सोडतो. म्हणून चॅनल्समध्ये (फोटोचे लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे थर) जाऊन एकेक चॅनल उघडून बघा, ब्लूमध्ये चट्टे काळेकुट्ट दिसतील आणि रेडमध्ये बरेचसे गायब. तो रेड चॅनल कॉपी करून नव्या फाइलमध्ये घ्या की तुमची आठ दिवसांची मेहनत पाच मिनिटांत वाचली. ओलीने कागदाचा वरचा थरच खाल्ला असेल तर तिथे ही युक्ती चालत नाही, तेवढं हाताने करायचं.

आता काठाचं. हीलिंग ब्रश पोत दुसरीकडून आणतो, पण रंग आणि उजेड डागाच्या आजूबाजूचा घेतो. मोकळ्या गालावर हे झकास, पण काठाजवळ एकीकडे गडद काठ आणि दुसरीकडे फिकं लुगडं, मग तो बिचारा दोन्ही एकत्र कालवतो, तेच तुम्हाला फरपटल्यासारखं दिसतंय. तिथे क्लोन स्टॅम्प घ्या, एस दाबला की येतो. त्याला अक्कल नाही म्हणूनच तो इथे बरा, ऑल्ट दाबून जिथे क्लिक कराल तिथलं जसंच्या तसं उचलून आणतो. त्याच काठाचा जरा पुढचा तुकडा उचला आणि रेघ रेघेवर बसवा. हीलिंग ब्रश आला २००२ मध्ये, फोटोशॉपच्या सातव्या व्हर्जनला, त्याआधी आम्ही सगळं या स्टॅम्पवरच काढलंय, नक्षी दोनदा छापल्यासारखी दिसायला लागली की गिऱ्हाईक हसायचं. म्हणून उचलायची जागा सारखी बदलत राहा. आणि हे सगळं नव्या रिकाम्या लेयरवर करायचं, वरच्या पट्टीत सॅम्पलला ‘करंट अँड बिलो’ निवडून, म्हणजे बिघडलं तर लेयर पुसला, खालचा फोटो शाबूत.

गाल गुळगुळीत का झाले सांगू? तुम्ही नक्की ३०० टक्के झूम करून बसताय. तेवढ्या झूमला कागदाचा दाणासुद्धा डाग वाटतो आणि माणूस तो पुसत सुटतो. माझ्या मामांचा मल्हारगंजात स्टुडिओ होता, तिथे निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग चालायचं. उतरत्या टेबलात काच, काचेवर निगेटिव्ह, खाली आरशाने वळवलेला खिडकीचा उजेड, आणि सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो, तेवढ्याच जागेत ग्रॅफाइट भरलं की प्रिंटवर तो उजळतो. मामा दोन-चार टिंब दिले की निगेटिव्ह हातात घेऊन लांब धरायचे, परत ठेवायचे, परत लांब. मला तेव्हा वाटायचं किती वेळ घालवतात! तुम्ही तेच करा, दर दोन मिनिटांनी पूर्ण फोटो स्क्रीनवर आणून बघा. आधी जे पुसलंय त्यावर अगदी थोडा नॉइज टाका, दाणा परत येईल. फाइल पीएसडीमध्ये (फोटोशॉपची स्वतःची फाइल) ठेवा, जेपेग एकदाच, शेवटी, कारण तो प्रत्येक सेव्हला थोडं थोडं खातो.

प्रश्न : मुलीचा स्थळासाठी फोटो काढला. स्टुडिओवाल्याने पिंपल्स काढले ते ठीक, पण रंग दोन शेड गोरा केला आणि हनुवटीवरचा तीळ पण काढून टाकला. घरात दोन तट पडलेत. हाच पाठवावा का?
— एक आई, टिळकनगर, इंदूर

उत्तर : नाही. पोहे खायला येणारे तीळ बघणारच आहेत ना! स्टुडिओतून मूळ फाइल मागून घ्या, फोटो तुमचा आहे. पिंपल येतो-जातो, तो काढलेला चालतो. स्पॉट हीलिंग ब्रश डागापेक्षा जरासा मोठा ठेवून एकच क्लिक, ओढायचं नाही. फोनवर स्नॅपसीडचं हीलिंग पण पुरतं, त्यात ब्रश लहान करायचा म्हणजे फोटो झूम करायचा. पण तीळ राहू दे, आणि रंगाला तर हातच नको. घरात गोरा फोटोच हवा म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : दादा, राजवाड्यावर रंगपंचमीच्या गेरचे (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे) फोटो काढले, तेव्हापासून प्रत्येक फोटोत आकाशात डावीकडे एकच करडा ठिपका येतोय. लेन्स दहादा पुसली. प्रत्येक फोटो वेगळा एडिट करू का?
— एक कॉलेजकुमार, इंदूर

उत्तर : अरे, लेन्स कितीही पूस, ठिपका आत सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या पट्टीवर बसलाय. गेरमध्ये लेन्स बदललीस ना? खात्री करायची तर एफ १६ ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) मोकळ्या आकाशाचा फोटो काढ, फोकस मुद्दाम बिघडवून, ठिपका ठसठशीत दिसेल. एफ ४ ला (छिद्र मोठं) तोच जवळजवळ नाहीसा होतो. काढलेल्या फोटोंसाठी लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) एका फोटोवर हील कर आणि तीच दुरुस्ती बाकीच्यांवर सिंक कर, जागा तीच असल्याने बहुतेक सगळे सुधारतात. फक्त जिथे तो ठिपका कोणाच्या चेहऱ्यावर किंवा पिचकारीच्या धारेवर आलाय ते फोटो एकेक उघडून बघ, तिथे सॉफ्टवेअर भलताच तुकडा उचलून आणतं.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर क्लीनिंग मोडमध्ये टाकून तोंड खाली धर आणि रबरी ब्लोअरने हवा मार. फोटोत ठिपका वर असला तरी सेन्सरवर तो खाली असतो, प्रतिमा आत उलटी पडते. इअरबड घालू नकोस, डब्यातल्या गॅसचा फवारा तर अजिबात नको. गुलाल ओला होऊन चिकटला असेल तर ब्लोअरने हलणार नाही, सर्व्हिसिंगलाच दे, आणि देताना गेरमध्ये गेला होता हे सांग, लपवू नकोस.