द्रौपदीचं ‘स्वयंवर’ म्हणावं का?

नौपाड्यातल्या एका भगिनी ठाण्यातल्या आपल्या नाट्यगटासाठी एकांकिका लिहीत आहेत. तीत द्रौपदी म्हणते, ‘माझं स्वयंवर झालंच नाही. मला जिंकलं.’ तालमीत एका सहकाऱ्याने हरकत घेतली, की स्वयंवर हा रूढ शब्द आहे, तो नाकारणं चूक. यात बरोबर कोण, असं त्यांनी विचारलं आहे.

सहकारी चुकत नाहीत, कारण महाभारतच त्या प्रसंगाला स्वयंवर म्हणतं. पण तुमच्या द्रौपदीची तक्रार त्या शब्दाच्या आतूनच निघते, म्हणून तिचं वाक्य जास्त खरं आहे.

‘वृ’ या संस्कृत धातूचा अर्थ निवडणं. त्यावरून वरणं, वर, वरमाला आणि रोजच्या बोलण्यातला नवरा, म्हणजे नव-वर. स्वयंवर म्हणजे स्वतः केलेली निवड. तेव्हा कसोटी एकच: ‘वरणे’ या क्रियापदाचा कर्ता कोण? दमयंतीच्या मंडपात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन बसले होते. ज्यांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही आणि ज्यांचे पाय भुईला टेकत नाहीत ते देव, हे तिने ओळखलं आणि घाम आलेल्या माणसाला माळ घातली. ‘दमयंतीने नळाला वरलं’ हे वाक्य उभं राहतं. द्रौपदीच्या मंडपात धृष्टद्युम्न जाहीर करतो: हे धनुष्य, हे पाच बाण, यंत्राच्या छिद्रातून जो लक्ष्य भेदेल, माझी बहीण त्याची भार्या होईल. इथे सगळी क्रिया धनुर्धराची. अशा कन्येसाठी नेमका जुना शब्द ‘वीर्यशुल्का’, पराक्रम हे जिचं मोल आहे ती. वाल्मीकीचा जनक सीतेबद्दल हाच शब्द वापरतो. त्यातलं ‘शुल्क’ म्हणजे आज शाळेच्या पावतीवर असतं तेच.

द्रौपदीच्या तोंडी ‘वृ’ धातू येतो तो नकारात. ‘नाहं वरयामि सूतम्’, सूताला, म्हणजे सारथ्याच्या घरच्या कर्णाला, मी वरणार नाही. प्रचलित पाठात हे वाक्य आहे. भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून काढलेल्या चिकित्सक आवृत्तीने ते मूळ पाठात न घेता तळटीपेत ठेवलं. म्हणजे तिचा आवाज जिथे सर्वांत मोठा ऐकू येतो, तीच ओळ पाठाच्या दृष्टीने डळमळीत. एकांकिकेत ती जरूर वापरा, पण सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा करू नका. शिवाय त्या ओळीत जातीचा अपमान आहे. तो गाळून ‘स्त्रीचा नकार’ एवढाच उचलला तर कर्णावर अन्याय होतो.

खऱ्या निवडीची भीती महाभारताला पुरती ठाऊक आहे. सुभद्रेच्या वेळी कृष्ण अर्जुनाला म्हणतो, की स्वयंवर ‘संशयित’ असतं, म्हणजे मुलगी काय ठरवेल याचा नेम नाही. त्यापेक्षा हरण कर. मनूच्या आठ विवाहप्रकारांतही स्वयंवराला जागा नाही.

मराठीने मात्र हा शब्द वेगळ्याच ठिकाणी रुजवला. एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’चं पारायण लग्न जमावं म्हणून मुली आजही करतात. भागवतातल्या त्या कथेत राजांना बोलावून मांडलेलं स्वयंवर नाहीच. रुक्मिणी पत्र पाठवते आणि त्यात स्वतःला ‘वीर्यशुल्का’ म्हणवून घेत राक्षसविधीने, म्हणजे बळाने पळवून, ने, असं सांगते. रूढ अर्थाने हे हरण. तरी ‘स्वयं’ आणि ‘वर’ दोन्ही तिथे पुरेपूर आहेत. निवडणाऱ्या मुलीसाठी अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात स्वतंत्र शब्दही आहे: स्वयंवरा, किंवा पतिंवरा. नायिकेला उद्देशून तो वापरण्याजोगा आहे.

आता संवादाचं. द्रुपदाच्या तोंडी ‘मुलगी दिली’, ‘उजवली’ चालेल. कर्ता बाप, मुलगी कर्म. घरोघरच्या बायका ‘माझं लग्न झालं’ म्हणतात, त्यात कर्ताच गायब. ‘मी लग्न केलं’ हे आजच्या पात्रासाठी राखून ठेवा. द्रौपदीला मी असं वाक्य देईन: ‘स्वयंवर मांडलं वडिलांनी. पण लावला वडिलांनी. जिंकलं अर्जुनाने. वरायचं मात्र राहून गेलं.’

यात ‘पण’, म्हणजे पैज, हा शब्द सांभाळा. द्यूतसभेत तिला ‘पणाला’ लावलं तोच हा शब्द, आणि दोन्ही प्रसंग जोडायला त्याच्याइतका चांगला दुवा नाही. मात्र नुसत्या उच्चारात तो ‘परंतु’वाला पण वाटतो. प्रेक्षकाच्या हाती पुस्तक नसतं. म्हणून आधीच्या एखाद्या वाक्यात ‘पैज’ येऊ द्या, नाहीतर ‘बाणाचा पण’ असं जोडून म्हणा. मग द्यूताच्या वेळी ‘पणाला’ कानावर पडताच मागचं आठवेल.