देवाला तारीख देऊ नकोस

श्रद्धेत नवा आहेस आणि राग पुन्हा आवरला नाही म्हणून खचलायस, हे तुझ्या बोलण्यावरून कळलं. बायबलमधल्या मोशेचं बघ. मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) गुलाम असलेल्या आपल्या इस्राएली माणसांना सोडवायची तळमळ खरीच होती, पण स्वतःच्याच हिशेबाने त्याने एका मिसऱ्याला ठार मारलं आणि मिद्यान देशात पळून जावं लागलं. तिथे सासऱ्याची मेंढरं राखण्यात वर्षं गेली. फारोसमोर, म्हणजे मिसरच्या राजासमोर, उभा राहिला तेव्हा वय ८०! त्या कामासाठी देवाचं बोलावणं आलं तेव्हाही 'मला नीट बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठव' म्हणत टाळाटाळच केली. (हा भाग मला फार आवडतो.) देवाने त्याला मोडीत काढलं नाही, सोबतीला भाऊ दिला.

मग 'अमुक महिन्यापर्यंत मला बदल' ही प्रार्थना कसली, नोटीस झाली ती! चूक झाली की मात्र त्याच दिवशी कबूल कर आणि ज्याला दुखावलंस त्याची माफी माग. त्यासाठी देवाच्या वेळेची वाट बघायची नसते. पुष्कळजण नेमकी इथेच पळवाट काढतात. आणि एकटा झुंजू नकोस. ज्याच्यासमोर लाज वाटणार नाही असा एखादा अनुभवी माणूस गाठ, दर आठवड्याला त्याला खरं काय ते सांगत जा.