पत्नी एच-४ वर मागून येणार: व्हिसा सोपा, विम्याच्या तारखा सांभाळा

तुमचं गणित असं दिसतंय: एच-१बी (अमेरिकेत नोकरीसाठीचा व्हिसा) मंजूर, डिसेंबरात पुण्यात लग्न, जानेवारीत न्यू जर्सीत नोकरीवर रुजू, आणि पत्नी मे महिन्यात मागून येणार. तिला कोणता व्हिसा लागेल आणि आरोग्यविम्याचं काय करायचं, हा प्रश्न. बहुतेक जण सगळी काळजी व्हिसाची करतात आणि विम्याचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. खरं तर व्हिसाची वाट ठरलेली आहे. पैसा आणि मनस्ताप जातो तो विम्यात, कारण तिथे तुमचं चुकतं ते तारखांमध्ये.

व्हिसा आधी उरकून टाकू. तुमच्या एच-१बीवर पत्नीला एच-४, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, मिळतो. तिच्यासाठी कंपनीला वेगळा अर्ज करावा लागत नाही. तिने स्वतःचा डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरायचा, त्यात तुमच्या आय-७९७ (एच-१बी मंजुरीचं पत्र) वरचा पावती क्रमांक घालायचा आणि २०५ डॉलर फी भरायची. मुंबईत दोन वेगळ्या भेटी असतात: आधी बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. सोबत आय-७९७ ची प्रत, तुमच्या व्हिसाची प्रत, कंपनीचं पत्र, अलीकडच्या पगारपावत्या, लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि लग्नाचे थोडे फोटो. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-४ च्या अर्जदारांनाही सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, तेव्हा मुलाखतीच्या आदल्या रात्री धावपळ नको. एक लाख डॉलरच्या फीची भीती सोडून द्या. ती २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या एच-१बी अर्जांसाठी आहे, एच-४ साठी नाही.

मंगल कार्यालयाची पावती किंवा देवळाचा दाखला चालत नाही, नोंदणी प्रमाणपत्रच हवं, तेही इंग्रजीत किंवा इंग्रजी भाषांतरासह. लग्न झाल्या आठवड्यातच नोंदणीला लागा. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, तिथे गाडी अडते. निम्मी कागदपत्रं माहेरच्या नावाची, निम्मी सासरच्या, अशी खिचडी करू नका. पासपोर्ट जुन्या नावाचा असेल तर व्हिसा त्याच नावावर घ्या. नवरा-बायकोचं नातं प्रमाणपत्र सिद्ध करतं, आडनाव नाही. आणि अनेक मराठी पासपोर्टांत ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. विम्याच्या अर्जात ती पासपोर्टाप्रमाणेच जशीच्या तशी घाला, नाहीतर दवाखान्यात कार्ड एका नावाचं आणि ओळखपत्र दुसऱ्या नावाचं होतं आणि बिल परत येतं.

तिच्या पासपोर्टाची मुदत तपासा. ती तुमच्या एच-१बीच्या आधी संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी तिचा आय-९४, म्हणजे मुक्कामाच्या मुदतीची नोंद, पासपोर्टाच्या तारखेपर्यंतच देतो. मग व्हिसावर २०२८ छापलेलं असूनही मुक्काम २०२७ लाच संपतो, आणि हे महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. पोचल्या दिवशीच आय-९४ ऑनलाइन काढून तारीख वाचा.

एच-४ वर नोकरी करता येत नाही. तुमचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाला, किंवा एच-१बीला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली, तर ती काम करण्याच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. ही सोय मे २०१५ पासून आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळणं बंद झालंय, तेव्हा पुढे परवाना मिळाला तर नूतनीकरण जेवढ्या लवकर भरता येतं तेवढ्या लवकर भरा. तुमची कंपनी एल-१, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर पाठवू शकत असेल तर विचारून तरी बघा: एल-२ वरच्या, म्हणजे एल-१ वाल्याच्या, जोडीदाराला वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं, आय-९४ वर ‘एल-२एस’ असलं की झालं. नोकरी करणाऱ्या पत्नीसाठी हा फरक पगारवाढीपेक्षा मोठा आहे.

आता विमा. कंपनीच्या विम्याचा हप्ता पगारातून करपूर्व कापला जातो. ही करसवलत मिळते म्हणून वर्षाच्या मध्ये निवड बदलायला कायदा आडकाठी घालतो. बदल फक्त ठरावीक प्रसंगी: लग्न, मूल, आधीचा विमा जाणं अशा वेळी, आणि बहुतेक योजनांत त्या घटनेपासून ३० दिवसांत. तुमचं लग्न रुजू होण्याआधीच झालेलं असेल, म्हणजे लग्नाची मुदत तुमच्या उपयोगाची नाही. तुम्हाला मिळणार ती नव्या कर्मचाऱ्याची मुदत, साधारण पहिले ३० दिवस. जानेवारीत ‘ती तर अजून पुण्यात आहे’ म्हणून तुम्ही एकट्याचाच विमा घेतलात, तर मे महिन्यात कंपनीचं विम्याचं पोर्टल तुम्हाला सरळ नाही म्हणू शकतं. मग वार्षिक नोंदणीपर्यंत थांबा, म्हणजे बहुतेक ठिकाणी पुढचा १ जानेवारी.

म्हणून रुजू होण्याआधीच एचआरला ईमेलने एकच प्रश्न विचारा: जोडीदार परदेशातून अमेरिकेत राहायला आला, तर तुमच्या योजनेत ते नोंदणीचं कारण धरतात का? बऱ्याच कंपन्या धरतात, पण धरायलाच हवं असं बंधन नाही. उत्तर लेखी ठेवा. ‘हो’ असेल तर ती आल्यावर लगेच आय-९४ जोडून अर्ज करा. संरक्षण कधीपासून सुरू होतं तेही विचारा, कारण काही योजनांत ते पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून असतं. ‘नाही’ असेल तर जानेवारीतच तिचं नाव घाला. धरा, तिच्या नावाने महिना २५० डॉलर जास्त जातात, तर चार महिन्यांचे हजार डॉलर वाया गेल्यासारखे वाटतील. पण एका अपेंडिक्सच्या बिलापुढे ते काहीच नाहीत.

तिसरी वाट सरकारी बाजारपेठेची, म्हणजे विमा विकत घेण्याच्या सरकारी संकेतस्थळाची. कायदेशीर वास्तव्य सुरू झाल्यापासून ६० दिवसांत तिथे स्वतंत्र विमा घेता येतो. न्यू जर्सीचं स्वतःचं ‘गेट कव्हर्ड न्यू जर्सी’ आहे. कंपनीचा कौटुंबिक विमा परवडणारा ठरला तर केंद्राची सबसिडी मिळत नाही, आणि १ जानेवारी २०२७ पासून एच-४ वाल्यांना ती मिळणारच नाही. पूर्ण हप्ता भरून विमा मात्र घेता येईल.

मधल्या काही दिवसांसाठी प्रवासविमा ठीक, पण तो मुख्य विमा नव्हे. आधीचे आजार आणि गरोदरपण त्यात सहसा येत नाही. ‘फिक्स्ड बेनिफिट’ वाल्या स्वस्त पॉलिसीत प्रत्येक उपचाराला ठरावीक छोटी रक्कम मिळते, बाकी खिशातून. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ (प्रत्यक्ष बिलाचा मोठा भाग देणारी) घ्या. कंपनीच्या विम्यात मात्र आधीचे आजार वगळता येत नाहीत, २०१४ पासून तसा कायदाच आहे.

योजना निवडताना फक्त हप्ता बघू नका. डिडक्टिबल म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम. एचएसए (उपचारांच्या खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) जोडता येणाऱ्या योजनेत २०२६ साठी कुटुंबाचा डिडक्टिबल किमान ३,४०० डॉलर. काही योजनांत तो दोघांचा एकत्र असतो, म्हणजे ती एकटीच आजारी पडली तरी पूर्ण ३,४०० भरल्यावरच विमा चालू होतो. वर्षभरात गरोदरपणाचा विचार असेल तर जास्त हप्त्याची, कमी डिडक्टिबलची योजना बहुधा स्वस्त पडते.

एच-४ वर, कामाचा परवाना नसेल तर, सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेचा सरकारी ओळख क्रमांक) मिळत नाही आणि विम्याचं पोर्टल तो मागतं. तिथे अडून बसू नका, एचआर त्याशिवाय नोंद करू शकतं. एकत्र कर भरताना डब्ल्यू-७ हा अर्ज जोडून तिला आयटिन, म्हणजे करासाठीचा क्रमांक, मिळतो.

निघण्याआधी दातांची कामं, चष्म्याचे दोन जोड आणि रोजच्या गोळ्या, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह, पुण्यातच करून घ्या. दात आणि डोळे यांचे विमे तिथे वेगळे असतात. तिथे ताप किंवा छोटी जखम असेल तर अर्जंट केअर, इमर्जन्सी नव्हे. २०२२ पासून इमर्जन्सीचं बिल नेटवर्कबाहेरच्या (विमा कंपनीशी करार नसलेल्या दवाखान्याच्या) दराने लावता येत नाही, पण रस्त्यावरच्या अँब्युलन्सला ते संरक्षण नाही.

तुमची नोकरी गेली तर तिचा एच-४ तुमच्याबरोबरच हलतो: दोघांना जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. २० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत कोब्रा कायद्याखाली तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटा धरून पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के तुम्ही भरायचे. निवड करायला ६० दिवस मिळतात आणि मागच्या तारखेपासून संरक्षण लागू होतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी भरायची घाई नको, फक्त शेवटची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.