सफेद मुसळीची टिश्यू कल्चर रोपं घ्यावीत का? बाटलीत वाढलेल्या वनस्पतीत औषधी गुण उतरतात का?

तुम्ही लिहिलंय की एक लॅबवाला एकरभर मुसळीची रोपं द्यायला तयार आहे, पण 'बाटलीतल्या मुसळीत दम नसतो' असं गावात कुणीतरी सांगितलं. मी अकरा वर्षं टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत, काम केलं, त्यातली चार मुसळी आणि सर्पगंधेवर गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गुणांचं. बाटलीतून आपल्याला फक्त रोप मिळतं. मुसळीतलं सॅपोनिन काय किंवा सर्पगंधेतलं रेसरपिन काय, हे औषधी द्रव्य मुळांत साठतं आणि साठायला माती, पाऊस आणि दिवस लागतात. बाटलीत मुळं दोऱ्यासारखी बारीक असतात, कारण लिटरला ३० ग्रॅम साखर त्यांना आयती मिळत असते. एकदा शेतात रुजलं की, पहिलं वर्ष सोडलं तर, ते रोप इतर मुसळीसारखंच वाढतं. मात्र ते मातृरोपाची हुबेहूब नक्कल असतं. मातृरोपाची बोटं (जमिनीखालच्या जाड, बोटांसारख्या मुळ्या) किडकिडीत असतील तर दहा हजार रोपांची तशीच निघतील. त्यामुळे लॅबवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: मातृरोप कुठलं, आणि कशावरून निवडलं?

(रोप न करता नुसत्या पेशी टाकीत वाढवून औषध काढण्याचीही पद्धत आहे. जपानने १९८०च्या दशकात शिकोनिन हे लाल औषधी रंगद्रव्य तसं काढलं, कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेलही आता तसं बनतं. पण तो कारखान्याचा विषय.)

मुसळीला टिश्यू कल्चर खरंच उपयोगाचं आहे. तिचं बी नीट उगवत नाही, आणि कंदाने वाढवायची तर दरवर्षी पिकातला मोठा हिस्सा बेण्यासाठी राखावा लागतो. रानातली तर खणून खणून संपत आली. या झाडाच्या शास्त्रीय नावातलं 'बोरिविलियानम' हे आपल्या बोरिवलीवरून आलंय. १९५५ साली सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते दिलं. तुळस, अडुळसा, कोरफड यांच्यासाठी मात्र कुणी टिश्यू कल्चर रोपं विकत असेल तर घेऊ नका. ती बियांनी, फांदीने, फुटव्याने फुकट वाढतात.

लॅबमध्ये आम्ही मुसळीच्या कंदाच्या डोक्यावरची, कोंब फुटतात त्या डोळ्यांची चकती घ्यायचो. मातीतला भाग असल्याने तो निर्जंतुक करणं फार जिकिरीचं. कितीही धुतलं तरी सुरुवातीच्या निम्म्याहून जास्त बाटल्या बुरशीने जायच्या. कधी तिसऱ्या सबकल्चरपर्यंत (म्हणजे रोपं तोडून तिसऱ्यांदा नव्या बाटलीत लावेपर्यंत) सगळं छान चाललेलं असायचं आणि एका सकाळी बुडाशी दुधट वलय दिसायचं. म्हणजे आतला जिवाणू वर आला, अख्खी ओळ फेकायची.

तरीही रोपं खरी मरतात ती बाटलीबाहेर आल्यावर. बाटलीत हवा इतकी दमट असते की पानांवर मेणाचा थर धरतच नाही आणि पानांवरची छिद्रं मिटायला शिकलेली नसतात. रोप उघड्यावर ठेवलं की तासाभरात मान टाकतं. आम्ही कोमट पाण्यात एकेक रोप धरून मुळांवरचं अगार, म्हणजे बाटलीतलं जेलीसारखं खाद्य, बोटांनी सोडवायचो. ते सगळं निघायला हवं. चिमूटभर राहिलं तरी त्यातल्या साखरेवर बुरशी धरते आणि रोप बुडापासून कुजतं. मग बुरशीनाशकात बुडवून कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), वर प्लास्टिकचा बोगदा. पहिला आठवडा तो बंद, पुढे रोज थोडा थोडा उघडायचा. रोपाला असं बाहेरच्या हवेची सवय लावणं म्हणजे हार्डनिंग. ही घाई कुणी केली तर भोगतो शेतकरी.

माझ्या काकांनी तेच भोगलं. बाटलीतून काढून जेमतेम दहा दिवस झालेली रोपं त्यांना 'हार्डनिंग झालेली' म्हणून विकली गेली. विक्रेत्याने तयार पीक स्वतः विकत घेण्याचा करारही केला होता. जूनमध्ये लावली, ऑगस्टपर्यंत निम्मी गेली. उरलेल्यांच्या मुळ्या पेन्सिलपेक्षा बारीक निघाल्या, आणि तेव्हा विक्रेत्याचा फोन बंद होता. काकांनी त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. आजही हे लिहिताना माझा जीव तुटतो.

म्हणून रोपं घेण्याआधी शेडमध्ये स्वतः जा. पॉलिथिनच्या पिशवीत निदान दीड-दोन महिने वाढलेली, नवी पानं फुटलेली रोपंच घ्या. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २००६पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणीकरण पद्धत आहे. लॅबला ती मान्यता आहे का, कागद मागून पाहा. वाळवलेली मुसळी घेणारा व्यापारी आधी स्वतः शोधा, रोपं विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका.

आणि एकर नको, यंदा दोनशे रोपं गादीवाफ्यावर लावा. पहिल्या वर्षी बोटं बारीकच असतील, ती विकू नका, बेणं म्हणून ठेवा. काढताना वरची चकती तुटू देऊ नका. चकतीचा तुकडा नसलेलं बोट पुढच्या जूनमध्ये फुटत नाही, ते मग सोलून वाळवण्यापुरतंच उरतं.