जीपच्या फायरवॉलवरची भोकं फायबर-पुट्टीने बुजवली तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की जुन्या महिंद्रा जीपचा पिकअप बांधताय, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, जुन्या वायरिंगची आणि क्लिपांची भोकं आहेत, ती फायबर-पुट्टीने बुजवून गुळगुळीत केली तर चालेल का, आणि वर रंग कोणता मारावा.

नाही चालणार. याच गोष्टीवरून आमच्या घरात दोन भाऊ सहा महिने धड बोलले नव्हते, म्हणून सविस्तर लिहितोय.

२०११ साली दादाने मामांची महिंद्राची एमएम ५४० जीप घेतली, प्युजोच्या एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिनाची. पिकअपसाठी मागे हौदा, म्हणजे माल ठेवायची उघडी पेटी, बसवायचं ठरलं. इंजिन उतरवल्यावर मी भोकं मोजली, एकतीस निघाली. इतक्या वर्षांत ज्या इलेक्ट्रिशियनने हात लावला त्याने आपली वायर न्यायला नवं भोक पाडलेलं. मी म्हटलं, पत्र्याचे तुकडे कापून वेल्डिंग करू. दादा म्हणाला, "बॉनेट उघडून कोण बघणार आहे? फायबरचं कापड मार, वर पुट्टी, विषय संपला." गाडी त्याची, झालंही तसंच. दिवाळीला गाडी बाहेर काढली तेव्हा फायरवॉल आरशासारखी दिसत होती, हे मी मान्य करतो.

दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले. स्क्रॅपर घातला तर तळहाताएवढा पापुद्रा सुटून आला आणि खाली पत्र्याची चाळण झालेली. केबिनच्या बाजूने त्या भोकांना कुणी रंगाचा हातही लावला नव्हता, पाणी तिकडून शिरलं होतं. त्यात डिझेलची थरथर आणि इंजिनाची धग. पत्रा आणि पुट्टी सारखे फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे कडा उघडतेच. आणि फायबरमधलं रेझीन जळतं. आगीला अडवायच्या भिंतीत जळणारं बूच बसवायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मग काम माझ्याकडे आलं आणि मी चूक केली. तुकडे बसवून एका दमात गोल वेल्डिंग ओढत गेलो. पत्रा तापून मधोमध असा फुगला की दाबला की डब्यासारखा टक्क वाजायचा. दादाला तेवढंच हवं होतं. शेवटी शेजारच्या गल्लीतले म्हातारे डेंटर चाचा आले. त्यांनी फुगवट्यावर गॅसच्या टॉर्चने नाण्याएवढी जागा लाल केली, मागे डॉली (आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने बसवली आणि ओलं फडकं लावलं. चार-पाच ठिकाणी असं केल्यावर पत्रा आकसून ताठ झाला, आवाज बंद. एका दुपारचं काम.

त्यांनी शिकवलं तेच तुम्हाला सांगतो. मूळ पत्र्याच्याच जाडीचा तुकडा घ्या, आमच्याकडे १८ गेज लागला. भोक छोटं असेल तर मागे तांब्याची पट्टी धरा, वेल्ड तांब्याला चिकटत नाही. एक टाका इथे, पुढचा समोरच्या बाजूला, आणि मधे हात टेकवता येईल इतकं गार होऊ द्या. घाई करायची असेल तर हे काम घेऊच नका. घासताना पत्रा निळा पडू देऊ नका. मग दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर, आणि त्यावर पुट्टी लागलीच तर दोन मिलिमीटरच्या आत. जोडाच्या रेषा पुट्टीने पुसू नका, बॉडी पिळवटली की तिथेच चीर जाते, तिथे सीम सीलर, म्हणजे जोडात भरायचा लवचिक लेपच हवा. मूळ पत्र्यावर दाबलेल्या नाळ्या असतील तर त्याही ठेवा. काहीजण सगळं कापून सपाट पत्रा लावतात. तो दिसतो छान, पण इंजिन सुरू झालं की केबिनमध्ये ढोल वाजतो.

दादा अजून पाहुण्यांसमोर म्हणतो, "याच्या वेल्डिंगने पत्रा फुगला, माझी पुट्टी तरी सपाट होती." त्याला माझं सांगणं इतकंच की फुगलेला पत्रा दुपारभरात बसला, कुजलेला कापून टाकावा लागला. आमचा तो पत्रा त्यानंतर आजपर्यंत गंजलेला नाही.

रंगाचं म्हणाल तर मला बॉडीचाच रंग आवडतो. काळा मॅट धूळ लपवतो आणि डिझेलची गळतीही लपवतो, म्हणून मला नको.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं: वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा, डिझेलच्या नळ्या आणि केबिनमधलं मॅटिंग बाजूला करा, पलीकडे पाण्याची बादली आणि अग्निशामक घेऊन माणूस उभा करा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तुकड्यांसाठी वापरू नका, त्याचा धूर छातीत जातो. हौदा बसवणार असाल तर आरटीओत आधी विचारा, आरसीवर पिकअप नसेल तर पुढे अडचण येते. आणि भोकं बुजवण्याआधी स्पीडोमीटरची केबल, अॅक्सिलरेटर, वायपर, वायरिंगचा मुख्य जुडगा, ज्याला ज्याला भोक लागतं त्याभोवती खडूने गोल करून ठेवा. आम्ही स्पीडोमीटरचं भोक बुजवून बसलो होतो. ते पुन्हा पाडलं आणि केबल कडेला घासू नये म्हणून भोकात रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट घातला.